गीत तोंडीं घालणें

शास्त्रपाठ : अनुवाद ३१:१९-२२. सोबत वाचावें : १ शमुवेल १६:१४-२३, मार्क ६:१४-२९.



मोशेचे दिवस भरत आले तेव्हां त्यानें लोकांसाठीं मागें दोन वस्तु ठेविल्या. एक नियमशास्त्राचा ग्रंथ. तो त्यानें लेव्यांच्या स्वाधीन केला व कराराच्या कोशाजवळ ठेवावयास सांगितला. दुसरें गीत. तें कोणत्याही कोशाजवळ ठेविलें नाहीं. तें इस्राएल लोकांच्या तोंडीं घालावें अशी त्यास आज्ञा झाली होती. कारणही तेथेंच दिलेलें आहे. लोक नव्या देशांत जाऊन पुष्ट होतील, बहकतील, करार मोडतील. परंतु हें गीत त्यांच्या वंशजांच्या मुखांतून जाणार नाहीं, आणि संकटाच्या दिवशीं तेंच त्यांजपुढें साक्षीस उभें राहील. ग्रंथाचें पुढें काय झालें हें २ राजे २२ ह्या अध्यायांत पाहावें. योशीया राजाच्या काळीं मंदिराची डागडुजी चालली असतां तो सांपडला. म्हणजे तोंवर तो कोणाच्या वाचनांतच नव्हता. गीत असें शोधावें लागत नाहीं.

आतां एका लग्नाची गोष्ट सांगतों. गेल्या उन्हाळ्यांत म्हसावदच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर मी लग्नास गेलों होतों. आमच्या शब्बाथशाळेंतील एक मुलगा तेथें होता. चार महिने झटूनही त्याला एक वचन पाठ येत नव्हतें. डीजेच्या गाडीवर गाणीं लागलीं, तेव्हां तोच मुलगा एकामागून एक सात गाणीं शब्द न चुकतां म्हणत होता. आणि त्यांतील निम्मीं गाणीं ज्या भाषेंत होतीं ती भाषा त्याच्या घरीं कोणी बोलत नाहीं. हें पाहून मला राग आला नाहीं, लाज वाटली. मुलाची स्मरणशक्ति मंद आहे असें मी त्याच्या आईस सांगून बसलों होतों.

वचन आम्ही मुलाला बसवून, एकट्याला, कानानें शिकवितों. गाणें तो उभ्यानें, दहा जणांत, हातापायांनीं शिकतो. पाय ठेका धरतात, ठेक्याला शब्द चिकटतात, आणि शब्दांबरोबर त्यांत भरलेलें मतही आंत येतें; कोणाला मोठें म्हणावें, बाईमाणसाकडे कसें पाहावें, पैसा कशावर उडवावा. त्या मताविषयीं त्याची संमति कोणी विचारीत नाहीं. म्हणून तरुणांचे विचार कोठून येतात हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें ते काय वाचतात हें विचारण्याआधीं ते कोणत्या ठेक्यावर नाचतात हें पाहावें.

परंतु माझें आजचें म्हणणें ह्याहून थोडें निराळें आहे. गाण्यांतील शब्दांपेक्षांही त्या गाण्यांत तरुणाला काय काम दिलें आहे, ह्यानें तो अधिक घडतो.

सातपुड्यांतील होळी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें लवकर समजेल. अक्कलकुवा तालुक्यांतील काठी येथील होळी विशेष प्रसिद्ध आहे. नवस केलेले पुरुष तेथें बुध्या होऊन येतात. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू व वाळलेले भोपळे. रात्रभर ढोल वाजतो व पहाटे होळी पेटते. पाहुणे मंडळी फोटो काढून परततात. त्यांना दिसत नाहीं तें हें कीं, बुध्या झालेल्यानें ते दिवस खाटेवर निजावयाचें नसतें व व्रतस्थ राहावयाचें असतें. त्या पूजेंत आम्हांस भाग नाहीं, हें वेगळें सांगावयास नको. पण वीस वर्षांच्या मुलास त्याचा समाज सांगतो कीं, इतके दिवस शरीर ताब्यांत ठेव, मग नाच. तेव्हां तो मुलगा काय शिकतो ह्याचा विचार पाळकांनीं अवश्य करावा. आमच्या उपदेशानें इतका संयम किती तरुण पाळतात?

ह्याच मुलखांतील दुसरें उदाहरण घ्या. तळोदे तालुक्यांतील मोरवड, ज्यास पुढें रंजनपूर म्हणूं लागले, तेथें गुलाम महाराज ह्या भिल्ल सत्पुरुषानें सोमवारच्या आरतीस लोक जमविले. दारू व मांस सोडावें, नित्य स्नान करावें, असा उपदेश होता, आणि एकमेकांस "आप" म्हणण्याचा परिपाठ होता. लोक हजारोंनीं येत. १९३८ त महाराज वारले. त्यांचे बंधु रामदास महाराज ह्यांनीं काम पुढें चालविलें, तेव्हां सरकारनें त्यांस हद्दपार केलें. आरती म्हणणार्‍या लोकांचें सरकारास भय कां वाटावें? मला असें वाटतें कीं, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या अरेतुरे ऐकावें लागलें त्यानें दर सोमवारीं मोठ्या समुदायांत शेजार्‍यास "आप" म्हणावयाचें, व शेजार्‍यानें त्यास; असें कांहीं महिने झाल्यावर सावकाराच्या ओट्यापुढें तो पूर्वीसारखा वांकून उभा राहत नाहीं. त्याला हें कोणी व्याख्यान देऊन पटविलें नव्हतें. तो रोज तें म्हणत होता.

शहादे तालुक्यांतील पाडळदे येथील अंबरसिंग महाराज हेही आधीं भजनकरी. भजनांच्या निमित्तानें गांवोगांव त्यांचा परिचय झाला, आणि पुढें जमीन व मजुरी ह्यांचा लढा उभा राहिला तेव्हां लोक त्यांच्या मागें आले. १९७२ त शहाद्यास श्रमिक संघटना निघाली. त्या सुमारास ह्या तालुक्यांतील बायकांनीं एकजुटीनें दारूचीं मडकीं फोडलीं. १९७४ त महाराज वारले. त्यांच्या मार्गाविषयीं वाचकांचें मत कांहींही असो, माळ्यावर पडलेलें पुस्तक हें काम करूं शकलें नसतें.

आमच्या मराठी मंडळीलाही हें ठाऊक होतें. रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांनीं १८९५ त बाप्तिस्मा घेतला व १९१९ त ते प्रभूकडे गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनीं ख्रिस्ती भजनाला टाळ व अभंगाची चाल दिली. "उपासना संगीत" उघडून पाहा. टिळकांच्या गीतांवर म्हातारीकोतारी देखील डोलूं लागतात, आणि विलायती चालीचें भाषांतर आलें कीं पुस्तकांत डोळे घालून उभीं राहतात. मात्र टिळकांची चाल देशावरची व कोंकणची. ती सातपुड्याची नव्हे. हें आम्ही ध्यानांत घेतलें नाहीं, आणि त्याचें फळ कसें आलें तें मला कबूल केलें पाहिजे.

बारा वर्षांपूर्वीं एका मंडळींत मी नवा पाळक होतों. तेथील एका तरुणाचा ढोल आसपासच्या दहा पाड्यांत नांवाजलेला होता. घर प्रभूकडे आलें तेव्हां पंचांनीं ठरविलें कीं ढोल ही जुनी वस्तु आहे, ती सोडावी. त्या पंचांत मीही बसलों होतों व मीं हात वर केला होता. तरुणानें मुकाट्यानें ढोल भिंतीस टांगला. दोन वर्षें तो उपासनेस येऊन मागच्या बाजूस बसे. शौलाच्या एका चाकरानें दाविदाची ओळख सांगितली ती आधीं हा उत्तम वाजविणारा आहे अशी. आमच्या ह्या दाविदाला आम्हीं चटई झाडण्याचेंही काम दिलें नाहीं. मग एका लग्नसराईंत तो डीजेच्या गाडीवर लागला. आतां रात्र रात्र बाहेर. ढोल वाजवितांना ज्याच्या हातावर सर्वांचे पाय पडत, तो आतां नुसती कळ दाबून उभा राहतो. वाजविणारा कोणी दूरचाच असतो. हाताला काम नाहीं, म्हणून हातांत बाटली आली. कायद्यानें रात्रीं दहा वाजतां भोंगा बंद व्हावयाचा. बाटलीस तशी वेळ नाहीं.

कोणी म्हणेल, मग सर्व पोरांस नाचगाण्याचें काम द्या म्हणजे झालें. तसें नाहीं. मार्कच्या सहाव्या अध्यायांतील ती मुलगी पाहा. तिलाही काम होतें, तिचा नाच राजाला आवडला, आणि काय हवें तें माग असें त्यानें शपथेवर सांगितलें. तेव्हां ती काय करते? आईला विचारावयास बाहेर जाते. राजाचा मान राहिला, आईचा सूड पुरा झाला, आणि मुलीच्या हातीं रक्ताळलेलें ताट आलें. आमच्याकडे मिरवणुका निघतात तेव्हां पुढें नाचावयास पाड्यांवरून पोरें नेतात. मिरवणूक कोणाची, कशाची, हें त्यांस ठाऊक नसतें. आणि आपल्या नाताळच्या कार्यक्रमांत लहान मुलांस सजवून आम्ही पाहुण्यांपुढें उभीं करितों, तें मुलांसाठीं कीं पाहुण्यांसाठीं, हेंही एकदां स्वतःस विचारावें.

ह्या पावसाळ्यांत मी त्या तरुणाच्या घरीं गेलों. पंचांत हात वर केल्याची गोष्ट त्याच्या आईबापांदेखत बोलून क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. पुढच्या शनिवारीं मात्र अंधार पडल्यावर ढोल घेऊन मंडळीच्या अंगणांत आला. ओल्या हवेनें कातडें सैल पडलें होतें. त्यानें काटक्या पेटवून तें शेकलें, बोटानें वाजवून पाहिलें, पुन्हा शेकलें. आठदहा पोरें न बोलावतां गोळा झालीं. लग्नांतील तो सात गाण्यांचा मुलगाही त्यांत होता. मग त्यानें मला विचारिलें, "पाळकसाहेब, कोणतें गीत वाजवूं?"

मीं पुस्तक चाळलें. त्या ढोलाच्या चालीवर बसेल असें एकही गीत मला सांपडलें नाहीं. तेव्हां अनुवादाच्या एकतिसाव्या अध्यायांतील गोष्ट मीं पोरांस मराठींत सांगितली, आणि तोच मुलगा ती वाक्यावाक्यानें त्यांच्या बोलींत फिरवूं लागला. एक ओळ जमली. दुसरी ढोलाशीं लागेना, म्हणून पोरांनीं ती तीन वेळां मोडली. पुढचा शनिवार ठरला आहे.