अफिलिएट मार्केटिंग : नवशिक्याने पहिली योजना कशी निवडावी?

दलाली हा धंदा आपल्या लोकांना नवा नाही. मुंबईच्या बाजारात अडत्या दुसऱ्याचा माल विकून देई आणि विक्रीवर ठरलेली टक्केवारी घेई, हे आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिले आहे. अफिलिएट मार्केटिंग ही त्याच जातीची दलाली होय. येथे दलालाजवळ दुकान नसते की वखार नसते. कंपनी त्याला त्याच्या नावाची खूण असलेली एक लिंक देते. त्या लिंकवरून गिऱ्हाईक इंटरनेटवरच्या दुकानात गेले व त्याने खरेदी केली, म्हणजे दलाली लिंकवाल्याच्या खात्यात जमा होते. ॲमेझॉनने अशी योजना १९९६ साली, ती केवळ पुस्तके विकत असताना, सुरू केली. पुढे असंख्य कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. आज नवशिक्यापुढे इतक्या योजना येतात की कोणती घ्यावी हेच समजेनासे होते. म्हणून या पाठात निवडीचाच तेवढा विचार करू.

प्रथम एक कसोटी सांगतो, कारण तिच्यावर पुष्कळ घरांची बचत अवलंबून आहे. योजनेत शिरण्यासाठी पैसे भरावे लागतात काय? खऱ्या योजनेत दलाल कंपनीला एक आगोराही देत नाही. कंपनीला माल विकावयाचा असतो व दलाली ती नफ्यातून देते. जेथे आधी ‘शिक्षण’ किंवा ‘सभासदत्व’ विकत घ्यावे लागते, तेथे बहुधा आपणच गिऱ्हाईक असतो. अमेरिकेत ‘मोबी’ नावाच्या कंपनीवर तेथील सरकारच्या व्यापार आयोगाने २०१८ साली खटला भरला. एकवीस पायऱ्यांचा अभ्यासक्रम प्रथम थोड्या डॉलरांत देऊन पुढे हजारो डॉलरांची सभासदत्वे गळ्यात मारीत, आणि लोकांचे साडेबारा कोटींहून अधिक डॉलर बुडाले, असा आयोगाचा आरोप होता. निवृत्तीची पुंजी हाती असलेल्या माणसाला असे लोक अचूक हेरतात, हे आपल्यातील ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे.

आता हिशेब पाहू. समजा, आपल्यातील एखादी भगिनी मराठीतून स्वयंपाकाचे व्हिडिओ करते आणि खोबरे वाटण्यासाठी ती जो मिक्सर वापरते त्याची लिंक खाली देते. अमेरिकेतील ॲमेझॉनचा स्वयंपाकघरातील वस्तूंवरचा दर साडेचार टक्के आहे असे धरले, तर शंभर डॉलरांच्या मिक्सरमागे तिला साडेचार डॉलर मिळतील. शंभर डॉलर मिळवण्यासाठी तेवीस मिक्सर खपले पाहिजेत. लिंक उघडणाऱ्या शंभरांपैकी दोघांनी खरेदी केली असे मानले, तरी अकराशेहून अधिक लोकांनी लिंक उघडली पाहिजे. हे गणित आम्ही कोणाला नाउमेद करण्यासाठी मांडलेले नाही. पण ‘घरबसल्या महिना अमुक हजार’ ही जाहिरात वाचताना ते जवळ असावे. दरही कायमचे नसतात. २०२० च्या एप्रिलमध्ये ॲमेझॉनने फर्निचरवरील दर आठ टक्क्यांवरून तीनवर आणि किराण्यावरील पाचवरून एकवर आणला. अशा वस्तूंसाठी एकाच कंपनीवर सगळी मदार ठेवणाऱ्यांची दर विक्रीमागची दलाली निम्म्याहून खाली आली.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की पाहणारे लोक राहतात कोठे? आमच्या मते नवशिक्याची खरी चूक येथेच होते. अमेरिकेतील मिक्सर १२० व्होल्टवर चालतो आणि आपल्याकडे इस्राएलमध्ये २३० व्होल्टची वीज आहे. दिमोना किंवा अश्दोदच्या बाईने तो मागवला तर तो जळेल, नाहीतर परत जाईल. आणि परत गेलेल्या मालावर दलाली मिळत नाही. शिवाय दर देशाच्या ॲमेझॉनची योजना निराळी. ठाण्याच्या मावशींनी आपला व्हिडिओ पाहून भारतातील ॲमेझॉनवरून खरेदी केली, तर अमेरिकेच्या योजनेतील खात्यात काहीच पडणार नाही. तेव्हा आपले पाहणारे बहुतांशी येथले, भारतातले की अमेरिकेतले, हे आधी तपासावे आणि त्यांच्या घरी जो माल सुखरूप पोचतो व चालतो त्याचीच योजना घ्यावी. मिक्सरऐवजी एखादे पुस्तक किंवा पितळी पातेले सुचवले तर व्होल्टची भानगडच राहत नाही!

अटींचा कागद कंटाळवाणा असतो, तरी तीन गोष्टी त्यात शोधाव्यात. पहिली मुदत. गिऱ्हाइकाने लिंक उघडली की त्याच्या यंत्रावर ‘कुकी’ नावाची खूण राहते. ॲमेझॉनकडे ती चोवीस तासच चालते. त्या वेळात वस्तू टोपलीत टाकली तर खरेदीला नव्वद दिवसांपर्यंत सवड असते. इतर पुष्कळ योजना महिनाभराची मुदत देतात. महाग वस्तू माणूस विचार करून घेतो, तेथे लांब मुदत उपयोगी पडते. दुसरी गोष्ट, पैसे किती जमल्यावर व किती दिवसांनी देतात आणि इस्राएलमधील बँकेत पाठवतात की नाही. तिसरी, खाते कशाने बंद होते. अमेरिकेच्या ॲमेझॉनवर १८० दिवसांत निदान तीन विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद करतात, आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी घेतलेला माल मोजत नाहीत. म्हणून आधी दहावीस चांगले व्हिडिओ अगर लेख तयार करावेत, मग अर्ज करावा.

दलालीचा आकडा डोळे दिपवणारा असेल तर तो कोणाच्या खिशातून येतो हे विचारावे. बायनरी ऑप्शन्स विकणाऱ्या कंपन्या, पैसे भरणारे गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला मोठी रक्कम देत. गिऱ्हाइकाचे पैसे बुडणे हाच त्या धंद्याचा नफा होता. अखेर क्नेसेतने २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये कायदा करून तो धंदा या देशात बंद केला. आपल्यासारख्या लहान समाजात, जेथे लग्नात अर्धे लोक अर्ध्यांना ओळखतात, अशी लिंक एकदा दिली की पुढच्या दहा लिंका कोणी उघडत नाही.

लिंकमधून आपल्याला दलाली मिळते हे व्हिडिओतच स्पष्ट सांगावे. ॲमेझॉनची ती अट आहे, आणि जाहिरात ही जाहिरात वाटणार नाही अशा रीतीने देण्यास येथील १९८१ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची मनाई आहे. लिंका एसएमएसने किंवा ईमेलने ओळखीच्या सर्वांना पाठवण्याचा मोहही टाळावा. आधी संमती न घेता जाहिरात पाठवली तर २००८ पासून लागू असलेल्या कायद्यान्वये दर संदेशामागे हजार शेकेलपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते, तीही समोरच्याने नुकसान सिद्ध न करता.

शेवटी कर. दलाली थोडी असली तरी ते उत्पन्नच होय. लहान धंद्यासाठी ‘ओसेक पातूर’ म्हणून नोंद करता येते. तिची वार्षिक मर्यादा बदलत असते, म्हणून चालू वर्षाचा आकडा पाहावा. माआम, मास हाख्नासा आणि बितुआख लेउमी या तिन्ही ठिकाणी नोंद लागते. पेन्शन अगर भत्ता घेणाऱ्यांनी या उत्पन्नाचा त्यावर काय परिणाम होईल हे बितुआख लेउमीच्या कचेरीत आधीच विचारावे. अमेरिकन कंपनी खाते उघडताना कराचा फॉर्म मागते. अमेरिकेचे नागरिक अगर रहिवासी नसलेल्याने त्यात ‘डब्ल्यू-८ बेन’ हा फॉर्म भरावयाचा असतो.