गोणीच्या आधी कागद

पनवेल

सुहास,

वहिनींकडून तुझा बेत कळला. गावच्या शेतकऱ्यांच्या गटाची नाचणी थेट नेदरलँड्सला पाठवायची, तिथला एक दुकानदार घ्यायला तयार आहे आणि पिशवीवर ‘सेंद्रिय’ छापायचं आहे. नाचणीबद्दल मला शंका नाही. पोलादपूरच्या वरकस जमिनीत खत टाकायला पैसे होते कुणाकडे? पण माझी सगळी नोकरी न्हावाशेव्याला, क्लिअरिंगच्या कचेरीत कागद करण्यात गेली, म्हणून सांगते. ‘आम्ही काही फवारत नाही’ हे सीमेवर कुणी ऐकून घेत नाही. तिथला अधिकारी दाण्याकडे नंतर वळतो. शेतातून निघालेलं वजन, गोदामात आलेलं वजन आणि कंटेनरात चढलेलं वजन यांचा मेळ बसतो का, हे तो आधी पाहतो.

आपल्याकडे सेंद्रिय निर्यातीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2001 पासून आहे, तो अपेडा ही शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था चालवते. लहान शेतकऱ्यांचा गट करता येतो, कमीत कमी 25 आणि जास्तीत जास्त 500 जणांचा. गटाने स्वतःची अंतर्गत तपासणी ठेवायची आणि वर प्रमाणन संस्थेचा माणूस येऊन पाहणार. हंगामी पिकाला साधारण दोन वर्षं सेंद्रियात रूपांतराची, आंबा-काजूला तीन. म्हणजे यंदाची नाचणी सेंद्रिय म्हणून बोटीवर चढणार नाही, हे दुकानदाराला आजच कळव. त्यानंतर प्रत्येक विक्रीला अपेडाच्या ट्रेसनेट प्रणालीवर व्यवहार प्रमाणपत्र निघतं. आणि युरोपसाठी वेगळं तपासणी प्रमाणपत्र लागतं, तेही त्यांच्या ‘ट्रेसेस’ या ऑनलाइन प्रणालीत. ते माल देश सोडण्याआधी निघालं पाहिजे. बोट सुटल्यावर धावपळ करून उपयोग नाही. तिकडच्या सीमा चौकीने त्यावर शिक्कामोर्तब केल्याशिवाय माल सेंद्रिय म्हणून सुटत नाही. फार तर पिशवीवरचा ‘सेंद्रिय’ शब्द काढून साधा माल म्हणून सुटेल, आणि मग तुमची दोन वर्षं साध्या भावात जातील.

पीठ आणि सत्त्व पाठवायचा विचार तूर्त बाजूला ठेव. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाला युरोपची मान्यता आहे ती प्रक्रिया न केलेल्या शेतमालापुरती. दळलं की वाट बदलते.

तुला हे अति वाटेल. पण 2010 साली आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, ते क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळे. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तो घटक नव्हताच. शेतकरी म्हणत होता, सगळ्या चाचण्या केल्या. आणि तो खरंच बोलत होता. पुढे 2020 मध्ये तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं, सेंद्रिय म्हणून गेलेल्या तिळातसुद्धा. हे शेतात कुणी फवारत नाही, जंतू मारायला मागाहून वापरतात. त्यापायी 2022 च्या सुरुवातीला युरोपने भारतातल्या पाच प्रमाणन संस्थांना यादीतून काढलं आणि त्यांच्या भरवशावर असलेले प्रामाणिक गटही लटकले. म्हणून संस्था निवडताना फी किती ते शेवटी विचार. युरोपच्या यादीत तिचं नाव आज आहे का, ते आधी.

आता गावातलं. खरी जोखीम मला तिथेच दिसते. मळणीनंतर युरियाच्या रिकाम्या गोण्या धुऊन त्यात धान्य भरायची सवय आपल्याकडे घरोघर आहे. ती पूर्ण बंद. नव्या गोण्या घ्या, प्रत्येकीवर शेतकऱ्याचा क्रमांक घाला. गोदाम महाडच्या बाजारपेठेत घेऊ नकोस, भाडं कमी असलं तरी. जुलै 2021 मध्ये सावित्रीचं पाणी कुठवर चढलं होतं ते तू पाहिलंस. महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या अंगाची खाचरं पुढे भातासाठीही गटात नकोत. राब भाजण्याबद्दल तपासनीस विचारणारच; जाळणं कमीत कमी असावं असा नियम आहे, तेव्हा कोण किती भाजतो ते लिहून ठेव. (दादाला हे वाचून दाखवू नकोस, चिडेल.) कंटेनर भरताना धुरी देणारा माणूस सवयीने गोळ्या टाकायला येईल. त्याला हात लावू देऊ नकोस. कीड मारायचीच झाली तर कार्बन डायऑक्साइड चालतो. लाकडी पॅलेटही उष्णतेची प्रक्रिया केलेलं, ‘एचटी’ शिक्क्याचं घे.

सगळ्यांत मोठा मोह वजनाचा. वीस फुटी कंटेनरला वीसेक टन तरी हवेत. आपल्या डोंगरउतारावर नाचणी एकरी चार-पाच क्विंटल. हिशेब कर, पंचवीस घरांत तो भरणार नाही. तेव्हा कुणीतरी म्हणेल, शेजारच्या वाडीची नाचणीही तशीच आहे, दहा गोण्या घाल. असेलही तशीच, पण वहीत तिचं शेत नाही. पिकापेक्षा विक्री जास्त दिसली की सगळा गट खोटा ठरतो, ज्यांनी काही केलं नाही तेसुद्धा. त्यापेक्षा पहिली खेप एखाद्या प्रमाणित निर्यातदाराला विका, तो त्याच्या मालाबरोबर पाठवील.

आणि दोन वर्षं रिकामं बसायचं नाही. पीजीएस-इंडिया ही शेतकऱ्यांनी एकमेकांची हमी देण्याची पद्धत देशातल्या विक्रीला चालते, निर्यातीला नाही. लहान उत्पादकाने ग्राहकाला थेट विकलं तर 2017 च्या अन्नसुरक्षा नियमांत प्रमाणपत्राची सक्तीही नाही. मुंबईत आपली माणसं कमी आहेत का?

जमिनीचं मात्र लगेच हाती घे. अर्ध्या सातबाऱ्यांवर अजून आजोबांची नावं आहेत, हिस्सेदार परळ-घाटकोपरला, आणि कसणारा तिसराच. गटाच्या करारावर सही कुणाची, हे ठरल्याशिवाय संस्थेचा माणूस बोलावू नकोस. गणपतीला सगळे चाकरमानी गावी येतील, तेव्हाच संमतिपत्रं करून घे. त्याआधी सातबाऱ्यांच्या प्रती मला पाठव. ज्यांची वारसनोंद राहिली आहे त्या वेगळ्या लाव, कसणाऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहून.

तुझी
आत्या