कवंदी : जोडणी आणि शिवण एकाच दोऱ्यात

उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ व मुंडगोड या तालुक्यांच्या जंगलपट्टीत सिद्दी समाजाची वस्ती आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. जंजिऱ्याच्या राजवटीमुळे सिद्दी हे नाव मराठी वाचकास परिचित असले, तरी या जंगलातील सिद्दींचा इतिहास निराळा आहे. पोर्तुगीज अमदानीत आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तेथून निसटून घाटावर आलेल्या लोकांचे ते बहुतांशी वंशज होत. त्यांच्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. घरातील बोली कोकणीच्या वळणाची आहे. २००३ साली या जिल्ह्यातील सिद्दींचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश करण्यात आला.

या समाजातील स्त्रिया जुन्या कपड्यांची जी गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. दिसावयास ती आपल्याकडील ठिगळांच्या वाकळेसारखीच. तिची रचना मात्र अभ्यासण्याजोगी आहे. तुकड्यांच्या गोधडीची पाश्चात्त्य रीत अशी की, प्रथम तुकडे एकमेकांस जोडून वरचा पदर तयार करावयाचा, मग त्याखाली भर व अस्तर घालावयाचे आणि शेवटी तिन्ही थरांतून टाके घालावयाचे. कवंदीत ही तीन कामे निराळी नाहीत. तुकडा जागेवर ठेवला जातो आणि ज्या धावदोऱ्याने तो शेजारच्या तुकड्यास जोडला जातो, तोच दोरा भर व अस्तर यांनाही धरून ठेवतो. वेगळी जोडशिवण नसतेच.

शाळेसाठी एक चौकोन

शाळेच्या कार्यानुभवाच्या तासास पूर्ण कवंदी शिवणे शक्य नाही; ३० सें.मी. चा चौकोन पुरेसा आहे. अस्तरासाठी ३४ सें.मी. चौरस सुती कापड घ्यावे. त्यावर मधोमध जुन्या सुती साडीचे ३० सें.मी. चे दोन-तीन थर पसरावेत. अस्तराच्या चारही कडा आत दुमडून इस्त्री करावी व कच्च्या टाक्यांनी हे थर बांधून घ्यावेत.

पहिला तुकडा कोपऱ्यात ठेवावा. त्याच्या बाहेरच्या दोन कडा १ सें.मी. आत दुमडाव्यात, आतल्या दोन तशाच उघड्या सोडाव्यात. कडेपासून ३-४ मि.मी. वर धावदोरा सुरू करावा. टाका तुकड्याच्या शेवटाजवळ आला की दुसरा तुकडा घ्यावा, त्याची दुमडलेली कड पहिल्याच्या उघड्या कडेवर दीड-दोन सें.मी. चढवावी आणि दोरा न तोडता पुढे जावे. याप्रमाणे चारही बाजूंनी फिरून आल्यावर दुसरा फेरा १ सें.मी. आत घ्यावा. बाहेरच्या रांगेची उघडी कड आतल्या रांगेच्या दुमडलेल्या कडेखाली झाकली जाते. शेवटी मध्यभागी जी जागा उरते, तेथील तुकड्याच्या चारही कडा दुमडाव्या लागतात. काही कारागीर स्त्रिया या शेवटच्या तुकड्याखाली तांदळाचे चार दाणे ठेवतात. गोधडीचे पोट रिकामे राहू नये, अशी त्यामागची भावना. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुला’ शिवल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत.

इतरत्र गोधडीस मध्यापासून कडेकडे टाके घालण्याची शिकवण दिली जाते, कारण वरच्या कापडाचा सैलपणा टाक्याबरोबर पुढे सरकतो. मग कडेपासून आत जाणाऱ्या कवंदीत मध्यभागी फुगा का येत नाही? कारण वरचा पदर आधी अस्तित्वातच नसतो. प्रत्येक तुकडा हाताने साफ करून मगच ठेवला जातो, त्यामुळे सैलपणा साचावयास जागा मिळत नाही. भर व अस्तर मात्र सरकू शकतात. कच्चे टाके त्यासाठीच होत. घाईत ते वगळणाऱ्या विद्यार्थ्याचा चौकोन हमखास वाकडा होतो.

चौकोनाच्या सर्व कडा आधीच बंद असल्याने असे बारा चौकोन कडेस कड लावून गुंडाळत्या टाक्यांनी जोडता येतात. त्यातून ९० सें.मी. × १२० सें.मी. ची मुलाची गोधडी तयार होते.

मजुरीचा हिशेब

बचत गटांकडून गोधड्या शिवून घेताना दर नगावर ठरविण्याची प्रथा सोयीची आहे, पण या कामास ती लागू पडत नाही. दीड मीटर रुंद व दोन मीटर लांब कवंदीत दोन ओळींतील अंतर १ सें.मी. धरल्यास एकूण शिवण ३०० मीटर भरते. अंतर २ सें.मी. केले की तीच शिवण १५० मीटरवर येते. नग तोच, मापही तेच, श्रम निम्मे. नगावर पैसे मिळत असतील, तर ओळी विरळ होणारच. त्याचा दोष शिवणाऱ्या स्त्रीकडे जात नाही. येथे टाका केवळ शोभेचा नाही. दुमडलेल्या कडेजवळची ओळ घडी धरते आणि पुढची ओळ खालच्या तुकड्याची उघडी कड पकडते. ती दुसरी ओळ लांब गेली, तर काही धुण्यांतच आतले धागे सुटू लागतात आणि ठिगळ निघते.

म्हणून दर ठरविताना क्षेत्रफळाबरोबर ओळींची दाटीही नमूद करावी. ती मोजणे कठीण नाही. गोधडी उलटी अंथरावी, अस्तरावर पट्टी आडवी धरावी आणि १० सें.मी. त किती ओळी येतात ते पाहावे. दहा आल्या तर काम पुरे झाले. पाच-सहा आल्या, तर आधी दिलेला दर तपासावा.