सेकंडहँड लाइव्ह रॉक: काय मारायचं, काय वाचवायचं

खाऱ्या पाण्याचे टँक मोडणाऱ्यांच्या जाहिराती वर्षभर येत असतात. घर बदललं, नोकरी बदलली, बाळ झालं, की पहिली कुऱ्हाड टँकवर पडते. मग मासे, पंप आणि दिव्यांबरोबर २०-३० किलो ‘लाइव्ह रॉक’ही स्वस्तात विकायला निघतो. ज्यांना हा छंद नव्याने सुरू करायचा आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. पण त्या दगडाबरोबर बिनभाड्याचे पुष्कळ भाडेकरू घरी येतात. त्यांना बाहेर कसं काढायचं, त्याबद्दल लिहिते.

आधी हा दगड म्हणजे काय ते पाहू. मेलेल्या प्रवाळांच्या सांगाड्यांपासून बनलेलं हे सच्छिद्र कॅल्शियम कार्बोनेट. ‘लाइव्ह’ असतात ते त्यावर आणि त्याच्या आत राहणारे जीव. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो, तो माशांना विषारी. दगडाच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. आत खोलवरच्या छिद्रांत ऑक्सिजन जवळजवळ नसतो, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो सोडून देतात. समुद्रातल्या अमोनियाचा फडशा पाडणाऱ्या ‘नायट्रोसोप्युमिलस’ या आर्कियाचा शोध २००५ साली प्रसिद्ध झाला, आणि हा जीव मिळाला होता सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या एका टँकमध्ये! आपण पैसे मोजतो ते या अदृश्य कामगारांसाठी. त्यामुळे साफसफाई करताना सरसकट सगळं मारून टाकणं म्हणजे झुरळांसाठी घर जाळणं.

आणि इथेच आपली एक सवय आडवी येते. आपल्याकडे निर्जंतुक करायचं म्हणजे उकळायचं. दूध, पाणी, बाळाच्या बाटल्या, सगळं. लाइव्ह रॉक मात्र कधीही उकळू नका. त्यावर वाफेचा किंवा जोरदार पाण्याचा फवाराही मारू नका. कामगार मरतील हे एक कारण आहेच, पण खरं कारण त्याहून गंभीर आहे.

अशा दगडांवर बरेचदा झोअँथिड नावाचे प्रवाळांचे नातेवाईक असतात. शर्टाच्या बटणाएवढे, दाटीवाटीने वाढणारे, कडेला झालर असलेले. काही झगमगीत रंगाचे, काही मातकट. यांतल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआ या प्रजातीत, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाईमध्ये मूर आणि शॉयर यांनी १९७१ साली ते वेगळं करून दाखवलं. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १२९ अणू असतात, आणि प्रयोगशाळेत ते संपूर्ण बनवायला हार्वर्डच्या किशी यांच्या गटाला १९९४ उजाडलं. आपल्या प्रत्येक पेशीच्या पटलावर सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारे पंप असतात. पॅलिटॉक्सिन या पंपाला चिकटतं आणि त्याचं उघडं भोक करून टाकतं. ज्या यंत्राने फरक टिकवायचा तेच गळायला लागतं. स्नायू आणि हृदयाच्या पेशी तर याच फरकावर चालतात.

हे विष उष्णतेने नष्ट होत नाही. दगड उकळला की बारीक तुषारांबरोबर ते हवेत येतं आणि घरातले सगळेच श्वासाबरोबर ते आत घेतात. ताप, खोकला, धाप, अंगदुखी, तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव ही लक्षणं काही तासांत दिसतात. फ्लू समजून अंगावर काढण्याचा धोका असतो. डोळ्यात उडालं तर बुबुळाला इजा होते. अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ दरम्यान घरांत आणि मत्स्यालयाच्या दुकानांत अशा विषबाधा झाल्याचा अहवाल अमेरिकेच्या सीडीसीने २०१५ साली छापला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरच्या स्टीव्हन्टन गावात २०१८ साली टँकमधलं प्रवाळ बाहेर काढून साफ करताना अख्खं कुटुंब रुग्णालयात पोचलं. या विषावर उतारा नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात. अशी वेळ आलीच तर डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द स्वतःहून सांगा.

म्हणून दगडावर झोअँथिड दिसले आणि ते तुम्हाला नको असतील, तर तो दगड घेऊच नका. विकणारा काही म्हणो. बाकीचे दगड हाताळतानाही लांब हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल हवाच. स्वयंपाकघर आणि तिथली भांडी वापरू नका. मुलांना दूर ठेवा.

विकणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारायचा: टँकमध्ये कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? माशांच्या परजीवींवर ते सर्रास वापरतात. कार्बोनेटचा दगड तांबं धरून ठेवतो आणि नंतर हळूहळू सोडतो. माशांना चालेल इतकं तांबंही कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळांना मारू शकतं. उत्तर ‘हो’ असेल तर तो दगड फक्त माशांच्या टँकसाठी. फॉस्फेटचंही तसंच, पण ते निदान हळूहळू धुऊन निघतं.

आता भाडेकरूंकडे वळू. दगड खाऱ्या पाण्याच्या बादलीत किंवा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. घरी दुसऱ्या बादलीत जास्त खारट पाणी तयार ठेवा. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ते ५० ग्रॅमच्या आसपास न्या, तापमान तेच ठेवा. बहुतेक अपृष्ठवंशी समुद्री जीवांच्या शरीरातली क्षारता बाहेरच्या पाण्याइतकीच असते. एकदम खारट पाण्यात गेले की त्यांच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि ज्यांना पाय आहेत किंवा वळवळता येतं ते पळ काढतात. दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मधूनमधून दगड हलवा. दगडाला चिकटलेल्या जिवाणूंच्या थराला एवढ्या वेळात फारसं काही होत नाही. गोड्या पाण्यातही बुडवता येतं, पण तो उपाय जास्त कठोर आहे आणि वरवरचे चांगले जीवही त्यात जातात. मी खारट पाण्याच्याच बाजूची आहे.

बादलीच्या तळाशी जे दिसेल ते सगळं शत्रू नव्हे. केसाळ ब्रिसलवर्म बघून अंगावर शहारा येतो खरा, पण त्यांतले बहुतेक सफाई कामगार असतात. बोटाएवढे बारीक असतील तर चिमट्याने परत टाका. हाताने धरू नका, केस कातडीत मोडतात. केसाळ पायांचे, काळ्या नांगीचे खेकडे मात्र बाहेर काढा. रात्री टँकमधून टक्-टक् आवाज येत असेल तर मँटिस श्रिंपचा संशय घ्या. मोर मँटिस श्रिंपचा ठोसा सेकंदाला २३ मीटर वेगाने बसतो असं मोजलं गेलं आहे. इतका वेग, की पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात. आणि एखादा पाहुणा किती वर्षं दडून राहू शकतो याचं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधल्या न्यूकीचं मत्स्यालय. तिथे मासे गायब होत होते, प्रवाळ कुरतडलेले दिसत होते. शेवटी २००९ साली कर्मचाऱ्यांनी सगळी मांडणी उचकटली, तेव्हा चार फुटी युनिसिड किडा सापडला.

जो बादलीत येत नाही तोच खरा त्रासदायक: एप्टेशिया. काचेसारखं तपकिरी छोटं अ‍ॅनेमोन. हे खरवडायचं नाही. त्याच्या तळव्याचा चिमूटभर तुकडा राहिला तरी त्यातून नवं उभं राहतं. चार घासून काढायला जाल आणि महिन्याने चाळीस मोजाल. हीच चिवट वाढ संशोधकांना आवडते. प्रवाळ आणि त्यातलं शेवाळ यांचं सहजीवन अभ्यासायला एप्टेशिया वापरतात, त्याचा जीनोमही २०१५ साली प्रसिद्ध झाला. घरी मात्र मोजकी असतील तर सुई नसलेल्या सिरिंजने दाट चुन्याची निवळी किंवा लिंबाचा रस थेट त्यांच्या तोंडावर सोडा. पुष्कळ असतील तर बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय आणा. ती एप्टेशियाशिवाय काहीच खात नाही, काम संपलं की उपाशी मरते, म्हणून ती दुसऱ्या छंदिष्टाकडे वेळेत पोचवायची.

नकोशा शेवाळांना अंधार हा सगळ्यात स्वस्त उपाय. झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, खारं पाणी, हीटर, पाणी फिरवणारा पंप, आणि चार ते सहा आठवडे काळोख. जिवाणूंना उजेड लागत नाही. गुलाबी कोरलाइन फिकं पडेल, नंतर परत येईल. व्हॅलोनियाचे हिरवे फुगे मात्र न फोडता, अख्खे सोडवून काढा. एवढा फुगा म्हणजे एकच पेशी असते! या काळात अमोनिया आणि नायट्राइट मोजत राहा. दोन्ही शून्यावर येऊन टिकले की दगड तयार. अधूनमधून रात्री लाल टॉर्चने बघा, बऱ्याच निशाचरांना लाल उजेड नीट दिसत नाही.

ब्लीच किंवा आम्लात टाकून दगड कोरा करणारेही आहेत. मग तो लाइव्ह राहत नाही, सरळ सुका दगडच विकत घ्यावा. तरीही करायचंच असेल तर ब्लीच आणि आम्ल, अगदी व्हिनेगरसुद्धा, एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

राहिलं ते बादलीतलं पाणी. ते रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात किंवा खाडीत ओतू नका. सॅन दिएगोजवळ आग्वा हेडिओंडा खाडीत २००० साली कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातलं शेवाळ सापडलं. ताडपत्र्या अंथरून आणि त्यांच्याखाली क्लोरीन सोडून ते संपवायला २००६ उजाडलं, खर्च ७० लाख डॉलरच्या वर गेला. बादलीत थोडं ब्लीच घाला, रात्रभर घराबाहेर उघड्यावर ठेवा आणि सकाळी घरातल्या ड्रेनमध्ये सोडा. त्या बादलीवर मार्करने ‘फक्त टँक’ असं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या रविवारी कुणी तिच्यात कपडे भिजवणार नाही.