सीडी काढण्याआधी

नागपुरात कृषी महाविद्यालय १९०६ पासून आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून. त्यामुळे "सर, एवढा अनोव्हा करून द्या" म्हणत येणाऱ्यांची इथे कधी वानवा नसते. कापसाच्या प्रयोगांचे आकडे बघत आलो, त्यातून सुचलेलं सांगतो.

१. पाच वाणांची तुलना करायची तर दोन-दोन घेऊन टी-चाचण्या लावत बसू नका. जोड्या होतात दहा. दर चाचणीत खोटा फरक खरा वाटण्याची जोखीम ५ टक्के. चाचण्या स्वतंत्र धरल्या तर दहांत एकदा तरी फसण्याची शक्यता ४० टक्क्यांवर जाते. अनोव्हातली (ॲनालिसिस ऑफ व्हेरिअन्स) फिशरची एफ चाचणी आधी एकच प्रश्न विचारते: वाणावाणांतला फरक हा एकाच वाणाच्या प्लॉटांमधल्या फरकाच्या मानाने पुरेसा मोठा आहे का?

२. खरं काम शेतात असतं. आपल्या काळ्या जमिनीत उताराच्या खालच्या अंगाला पाणी साचतं, वरच्या अंगाला माती उथळ. म्हणून ब्लॉक उताराला आडवे पाडा, म्हणजे एका ब्लॉकमधल्या सगळ्या वाणांना साधारण सारखीच जमीन मिळेल. ब्लॉकच्या आत वाणांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, दर ब्लॉकला नव्याने. पाहुण्यांना दिसावा म्हणून नवा वाण प्रत्येक ब्लॉकमध्ये रस्त्याच्या कडेला लावलेला मी पाहिला आहे. मग वाढलेलं उत्पादन वाणाचं की कडेच्या मोकळ्या उन्हाचं, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

३. एका प्लॉटमधली टॅग लावलेली पाच झाडं म्हणजे पाच रेप्लिकेशन नव्हेत. त्यांची सरासरी काढा; तो एकच आकडा. एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम निदान १२ असावेत, असा आपल्याकडचा दंडक आहे. पाच वाण आणि तीन रेप्लिकेशन, म्हणजे तीन ब्लॉक, घेतले तर ते ८ च भरतात, चार घेतले की बरोबर १२. एक ब्लॉक वाढवायला मजुरी लागते, हे मान्य. पण घासाघीस करायला ही जागा नव्हे.

४. बोंडअळ्यांची मोजणी थेट अनोव्हात घालू नका, आधी वर्गमूळ घ्या. मोजणीत शून्यं असतील तर ०.५ मिळवून.

५. एफ 'एनएस' (नॉन-सिग्निफिकंट) आला की सीडीकडे, म्हणजे दोन वाणांतला फरक ज्याच्याशी ताडायचा त्या क्रिटिकल डिफरन्सकडे, वळायचं नाही. विनायक पानसे आणि पांडुरंग सुखात्मे यांचं १९५४ चं पुस्तक आपल्या कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरलं. सीडी तिथून सगळ्यांना पाठ आहे. पण वीस-पंचवीस वाण असतील तर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा उचलून सीडी लावणं ढिलं ठरतं, तिथे टुकीची चाचणी वापरा. आणि 'एनएस' म्हणजे सगळे वाण सारखे, असं निष्कर्षात लिहू नका. फरक सिद्ध झाला नाही, एवढंच लिहा.

६. कोरडवाहू कापसाची पेरणी मृगाच्या पावसावर होते. म्हणून प्रयोगाचा आराखडा दाखवायचा असेल तर त्याआधी, मे महिन्यात या, वेचणी झाल्यावर नको.