प्लगइन लावले की गाणं तुटतं

प्रश्न : घरीच अहिराणी गाणी रेकॉर्ड करतो. गाताना आवाज स्वच्छ असतो, पण मिक्सिंगला प्लगइन चढवले की चटचट ऐकू येते. मे महिन्यात तर फारच. नवा लॅपटॉप घेऊ का? (एक वाचक, शिरपूर, जि. धुळे)

उत्तर : एवढ्यात नको. आधी गाणं वेव्ह फाइलमध्ये काढून ऐका. फाइल स्वच्छ असेल तर तुमचं रेकॉर्डिंग शाबूत आहे. प्रोसेसरला काम वेळेत उरकत नाही, इतकंच. 44,100 च्या सॅम्पल रेटला 128 चा बफर म्हणजे प्रत्येक तुकड्यासाठी जेमतेम 3 मिलिसेकंद. 1024 केलात की 23. गाताना बफर कमीच हवा, नाहीतर हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा येतो. मिक्सिंगला मात्र बिनधास्त वाढवा.

ढोलकी, संबळ, कोरस अशा प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब टाकत असाल, तर ते आधी थांबवा. एकच रिव्हर्ब वेगळ्या बसवर ठेवा आणि सगळ्यांचा आवाज तिकडे सेंड करा. भार उतरतो, शिवाय सगळे एकाच जागी बसून गातायत असं वाटतं. मला तर हेच जास्त मोलाचं वाटतं.

मे महिन्याचं म्हणाल, तर खानदेशात पारा 45 च्या घरात जातो. लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. तो गादीवर ठेवू नका, जाळीतली धूळ काढून घ्या, चार्जर लावूनच काम करा.

फाइलमध्येही चटचट असेल, तर एकेक प्लगइन काढून पाहा. नुसता बायपास पुरत नाही. सगळे काढूनही राहिली, तर दोष मूळ टेकमध्ये किंवा कापलेल्या जोडावर आहे. जोडावर छोटा क्रॉसफेड द्या.