परिचारिका अभ्यासक्रम : सराव प्रश्न

अतिसाराने आजारी भिक्षूला भगवान बुद्धांनी स्वतः आंघोळ घातली होती. विद्यार्थ्यांनो, उत्तर झाकून प्रश्न सोडवा.

प्र. १ (वैद्यकीय) : प्रौढ रुग्णास डिगॉक्सिन देण्यापूर्वी?
उत्तर : हृदयाचे ठोके पूर्ण मिनिट मोजावेत, ६० पेक्षा कमी असल्यास औषध न देता डॉक्टरांना कळवावे.

प्र. २ (शस्त्रक्रिया) : ५०० मि.लि. सलाईन, ४ तास; १ मि.लि. म्हणजे १५ थेंब. मिनिटाला थेंब किती?
उत्तर : ५०० × १५ ÷ २४० = सुमारे ३१.

प्र. ३ (प्रसूती) : बाळंतिणीला अतिरक्तस्राव, गर्भाशय मऊ. प्रथम काय?
उत्तर : मदतीस हाक मारून लगेच गर्भाशय चोळावे; तिला एकटे सोडू नये.

प्र. ४ (बालरोग) : १ लिटरचे ओ.आर.एस. पाकीट अंदाजाने अर्धे वापरावे का?
उत्तर : नाही, क्षारांचे प्रमाण बिघडते.

परीक्षेत चुकल्यास गुण जातो, वॉर्डात जीव. म्हणून प्रत्येक उत्तरामागचे कारण समजून घ्या.